‘ठहराव’ कुणी बिघडवला

३ सप्टेंबर २००६, रविवार

ही वही मी पुरावा म्हणून सुरू करतोय. आमच्या ‘ऐरण’ बँडचा दुसरा अल्बम पडणार आहे, आणि पडला की तो कुणी पाडला हे तारखेनिशी कुठेतरी लिहिलेलं असावं. मराठीत लिहितोय, कारण मनोहरला ती नीट कळत नाही. स्वप्नीलला कळते, पण दुसऱ्याची वही उघडणाऱ्यांतला तो नाही. एवढं त्याला द्यावंच लागेल.

बँड जयपूरचा, तिघांचा. स्वप्नील गातो, गिटार वाजवतो, गाणी लिहितो. त्याचे वडील बँकेत, घर सोडाल्याला. मनोहर बेस वाजवतो. तो इथलाच, मुरलीपुऱ्याचा. त्याच्या काकांचा कूलरच्या बॉड्या बनवायचा कारखाना आहे, त्याच्या मागच्या शेडमध्ये आम्ही वाजवतो. आठवडाभर तिथे पत्रे ठोकतात, रविवारी आम्ही. शेजाऱ्यांना फरक कळत नाही. ड्रम्स माझे. मी कौशिक वानखेडे, रेल्वे कॉलनी, वय पंचवीस.

पहिला अल्बम ‘लू’ दोन वर्षांपूर्वी आला. मे महिन्यात दुपारी दार उघडल्यावर तोंडावर जी झळ येते, तसा होता तो. त्यातलं सगळ्यात मंद गाणं मेट्रोनोमवर मिनिटाला एकशेसाठ ठोक्यांचं होतं. आज स्वप्नीलने नव्या अल्बमची तीन गाणी ऐकवली. एकशेदहा, एकशेपाच, आणि तिसरं तर मोजावंसंही वाटलं नाही. नाव काय, तर ‘ठहराव’. हेवी मेटलच्या अल्बमचं नाव ठहराव! योगासनांची सीडी काढतोय का?

१० सप्टेंबर

आज भांडलो. म्हणजे मी भांडलो. स्वप्नील गिटारच्या तारा पुसत बसला होता.

“एक तरी गाणं पळणारं ठेव,” मी म्हणालो.

“या गाण्यांना एवढाच वेग लागतो.”

“या गाण्यांना झोप लागते. ऐकणाऱ्यालाही लागेल.”

पूर्वी एवढ्यावर त्याने मला आईवरून शिव्या घातल्या असत्या. आज म्हणाला, “बघू.” मनोहर मध्ये पडला, “यार कौशिक, अब बन गए तो बन गए.” दोघेही माझ्याशी आजकाल सासरी आलेल्या जावयाशी बोलावं तसं बोलतात. मला त्याची चीड येते.

तसं बघितलं तर हे सगळं माझ्या ॲक्सिडेंटनंतर सुरू झालं. गेल्या डिसेंबरात सीकर रोडला वाळूवर स्कूटर घसरली, डाव्या मनगटात प्लेट बसली. चार महिने मी शेडवर नव्हतो, आणि तेवढ्यात या माणसाने बँडची हवा काढून टाकली. मी असतो तर होऊ दिलं नसतं. हात आता ठीक आहे. सकाळी अंगठा जरा बधिर असतो, बस.

२४ सप्टेंबर

दिल्लीच्या ज्या म्युझिक कंपनीने ‘लू’ ऐकून आम्हाला बोलावलं होतं, ती गेली. अल्बम आता आपणच काढायचा. का गेली विचारलं तर स्वप्नील म्हणतो, “जमलं नाही.” मनोहर बाहेर जाऊन चहा सांगायला लागला. जमणार कसं? यांनी ही अंगाईगीतं ऐकवली असणार. कंपनीवाल्यांना कान असतात.

८ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग सुरू झालं. स्टुडिओ सुखदेवजींचा. ते एरवी भजनं आणि लग्नाची गाणी रेकॉर्ड करतात. काचेपलीकडून अंगठा दाखवून म्हणाले, “बहुत बढ़िया बेटा, बड़ा सुकून है इसमें.” सुकून! मी स्वप्नीलकडे बघितलं, त्याने नजर खाली घातली. लाज वाटत असेल.

पहिल्या गाण्याला माझे चौदा टेक झाले. हेडफोन भिकार होता, त्यात माझा स्वतःचा डावा ठोका मला उशिरा ऐकू येत होता. सुखदेवजींनी दोनदा हेडफोन बदलून दिला. दुसराही तसाच. चौदाव्या टेकला स्वप्नील म्हणाला, “परफेक्ट.” मला माहीत होतं की तो परफेक्ट नव्हता. कामात आळस भरलाय त्याच्या.

११ ऑक्टोबर

आईबाबा नागपूरहून परतले. बाबासाहेबांच्या दीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून यंदा गर्दी विचारू नका, आई सांगत होती. बाबांना मी चहा दिला तर कप माझ्या हातून सुटला. नवी फरशी, कानाचा कप, चुरा झाला.

बाबा चाळीस वर्षांचे झाल्यापासून रेल्वेच्या डब्यांची चाकं तपासतात. हातोडीने ठोकून नुसत्या आवाजावर ओळखतात की तडा आहे. माझ्या हाताकडे तसेच बघत होते.

“डाक्टरले दाखवलं होतं का मंग? अखरीचं कधी?”

“बाबा, हात ओला होता.”

“ओला त नव्हता.”

आई म्हणाली, “जाऊ द्या ना आता. कपच होता.” मी उठून गेलो. घरातही सगळ्यांना माझ्या हाताचंच पडलंय, अल्बमचं कुणाला नाही.

२६ नोव्हेंबर

आठ गाणी संपली. पूर्ण ऐकलं. दोन गाण्यांत स्वप्नील चक्क गातो, सुरात, डोळे मिटून गातात तसं. किंचाळी एकही नाही. मला वाटलं होतं निदान शेवटचं गाणं तरी उसळेल. नाही. पाण्यात मीठ विरघळावं तसं विरघळतं.

ऑफिसात आणखी वेगळं. झालाना भागात मी कंत्राटावर डेटा एन्ट्री करतो. मॅडम म्हणाल्या, “वानखेडेजी, पहले आपके सौ फॉर्म होते थे, अब साठ होते हैं।” कीबोर्ड जुना आहे, मी सांगितलं. मन लागत नाही हे नाही सांगितलं.

७ जानेवारी २००७

‘ठहराव’ आला. मुखपृष्ठावर वाळूत रुतलेली ऐरण. चित्र तेवढं चांगलं आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

मनोहरच्या गच्चीवर पतंग. सगळा मुरलीपुरा छतावर. मनोहर उडवत होता, मांज्याची चरखी माझ्याकडे. पेच लागला तेव्हा त्याने ढील मागितली आणि चरखी माझ्या डाव्या हातातून निसटून खालच्या गल्लीत गेली. पतंग कटला. पलीकडच्या गच्चीवरून “वो काटा!” झालं. एरवी मनोहरने मला छतावरून ढकललं असतं. आज म्हणाला, “कोई ना, दूसरी उड़ा लेंगे।”

मला त्याचा तो गोड आवाज ऐकवेना. तिळाचे लाडू न खाता घरी आलो.

१९ जानेवारी

दिल्लीच्या एका वेबसाइटवर परीक्षण आलं. सायबर कॅफेत उभ्यानेच वाचलं. मथळाच असा: ‘जयपूरचे शेर आता गवत खातात’. लिहिलंय की ‘लू’ काढणारी हीच माणसं यावर विश्वास बसत नाही, प्रत्येक गाणं आता सुरू होईल असं वाटत असतानाच संपतं. दहापैकी तीन. खाली लोकांनी जे लिहिलंय ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

मला आनंद झाला. खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तर हे पण लिहितो. कुणीतरी माझ्या बाजूने बोललं.

मग मीही खाली एक चिठ्ठी लिहिली, खोट्या नावाने, हिंदीत. ‘गायक का दम निकल चुका है। गाने एकदम पानचट। बेचारे ड्रमर को बाँधकर रखा है, उसे खोल दो तो देखो।’ पाठवल्यावर कान गरम झाले. पण त्यात खोटं काय आहे?

२८ जानेवारी

शेडवर कुणी परीक्षणाचं नाव काढलं नाही. स्वप्नीलला एका स्थानिक पेपरवाल्याचा फोन आला. माझ्यासमोरच बोलला: “हाँ, गाने मेरे हैं, टेम्पो भी मैंने तय किया। ग़लती है तो मेरी है।” चला, कबूल तरी केलं. पुरावा.

१७ फेब्रुवारी, शनिवार

कॉलेजचा फेस्ट, दुपारी तीनचा शो, उघडं मैदान. समोर चारपाचशे मुलं. ‘ठहराव’ची तीन गाणी झाली. दुसऱ्या गाण्यापासूनच मागची मुलं गप्पा मारायला लागली. तिसऱ्यानंतर ओरडायला लागली, “लू! लू! लू!”

स्वप्नील माइकवर म्हणाला, “आज नहीं।” शिट्ट्या, हुर्यो. एक बाटली स्टेजवर आली.

मग मीच काठ्या वर करून चार मोजले आणि सुरू केलं. एकशेनव्वद. स्वप्नीलने वळून माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. भ्याला होता. पण त्याला वाजवावंच लागलं. पहिलं मिनिट मैदान वेडं झालं. धूळ उडाली. आणि मग या दोघांनी मागे खेचायला सुरुवात केली. मी पुढे, हे मागे. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं बैलगाडी झालं होतं. माझी डावी काठी घामाने सुटली. दुसरी घेईपर्यंत स्वप्नीलने गाणंच थांबवलं, “थँक्यू जयपूर.” लोक हसत होते. हसत होते!

स्टेजमागे मी त्याची कॉलर धरली. “पाच मिनिटं माझ्याबरोबर पळता येत नाही तुला?” त्याने माझा हात सोडवला. डावाच हात होता, पटकन सुटला. मग गिटार पेटीत ठेवायला लागला.

२० फेब्रुवारी

ऑफिसातल्या एकाचा भाऊ त्याच कॉलेजात आहे. त्याच्याकडे शोचं शूटिंग होतं. मी मागून घेतलं, स्वप्नीलच्या तोंडावर फेकायला पुरावा म्हणून. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावलं.

चार वेळा बघितलं.

ते मागे खेचत नाहीयेत. मी मागे पडतोय. डावा हात प्रत्येक आठव्या ठोक्याला उशिरा येतो, मग चौथ्याला, मग प्रत्येकाला. मनोहर माझ्याकडे बघून बघून वेग कमी करतोय. स्वप्नील पाठमोरा आहे, पण त्याचा पाय माझ्या ठोक्यावर आहे, गाण्याच्या नाही. मी पडू नये म्हणून दोघं माझ्याबरोबर खाली उतरतायत, पायरी पायरी करून. आणि काठी घामाने सुटली नाही. बोटं उघडतात. मी बघत असताना, आपोआप.

२१ फेब्रुवारी

कारखान्यात गेलो. मनोहर कूलरच्या जाळ्या मोजत होता. मी विचारलं, “गाने धीमे क्यों किए?”

त्याने जाळी खाली ठेवली. “स्वप्नील से पूछ।”

“तुझसे पूछ रहा हूँ।”

त्याने पत्रे ठोकणाऱ्यांकडे पाठ केली. मग त्याने सांगितलं. मी दवाखान्यात होतो तेव्हा नव्या अल्बमची नऊ गाणी तयार होती. सगळी ‘लू’पेक्षा वेगवान. मी एप्रिलमध्ये परत आलो, पहिल्याच रविवारी ‘लू’चीच गाणी वाजवली, आणि मला वाटलं छान वाजवलं. मी घरी गेल्यावर हे दोघं शेडमध्ये बसून राहिले. पुढच्या रविवारपर्यंत स्वप्नीलने नऊच्या नऊ बाजूला टाकली आणि माझा हात जेवढा चालतो तेवढ्या वेगाची नवी लिहायला घेतली. दिल्लीच्या कंपनीला पहिली नऊ हवी होती. ते म्हणाले, ड्रमर आम्ही देतो. स्वप्नीलने त्यांना नाही सांगितलं.

“मेरे को बोला था, उसे पता नहीं चलना चाहिए,” मनोहर म्हणाला. “ग़लत किया क्या हमने?”

उत्तर द्यायला गेलो असतो तर त्याला मारलं असतं.

२२ फेब्रुवारी

सोडाल्याला गेलो. दार स्वप्नीलच्या आईने उघडलं. “ये रे कौशिक, किती दिवसांनी! पोहे टाकू का?” मी काकूंना नको म्हणून सरळ आत गेलो. तो पलंगावर पेपर वाचत होता. मी दार लावून घेतलं.

“अल्बम कसा झालाय?” मी विचारलं.

तो समजला. पेपराची घडी घातली. “वाईट.”

“मोठ्याने बोल.”

“वाईट झालाय. मला पहिल्या गाण्यापासून माहीत होतं. मेल्यासारखा झालाय. बस?”

“मग काढलास कशाला?”

“तुझ्याशिवाय काढायचा नव्हता.”

“मला विचारलंस?”

“काय विचारू? की तुझा हात गेलाय, आता आम्ही काय करू?”

“हो! हेच! याच शब्दांत!”

“तुझ्या बाबांनी दवाखान्याच्या जिन्यात मला विचारलं होतं, हा पुन्हा वाजवंन ना बाबू? मी हो म्हणालो, कौशिक. त्या माणसाला मी हो म्हणालो.”

“त्यांना म्हणालास. मला काय म्हणालास? एकशेपाच. परफेक्ट. बघू. सहा महिने मी तुझ्यावर भुंकतोय आणि तू ऐकून घेतोस. मजा वाटत होती?”

“मजा?” तो उठला. आता त्याचा आवाज चढला होता, बाहेर काकूंनी गॅस बंद केल्याचं मला ऐकू आलं. “त्या साइटवर मला पानचट कुणी लिहिलं? हिंदीत पानचट कोण लिहितं रे? तुझ्याशिवाय या गावात कोण लिहितं? मी वाचलं, आणि रविवारी येऊन तुझ्यासमोर बसलो. तुला वाटतं मला राग येत नाही? नऊ गाणी पुरली मी. नऊ! तुझ्यासाठी!”

“मी मागितलं नव्हतं.”

“नाही मागितलंस. तू कधीच काही मागत नाहीस. नुसता बोंबलतोस.”

“तू माझ्यावर दया केलीस,” मी म्हणालो. “एवढा नालायक वाटलो मी, की हाकलायचीही लायकी नाही.”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी दार उघडून निघालो. काकू पोह्यांची बशी घेऊन पॅसेजमध्ये उभ्या होत्या. त्यांना ओलांडून गेलो.

२३ फेब्रुवारी

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला? लिहून बघतो. त्यांनी लपवलं याचा नाही. एप्रिलमधल्या त्या पहिल्या रविवारी मला कळायला हवं होतं, याचा. मी ड्रमर आहे. माझा ठोका मागे पडतो हे मला सोडून सगळ्यांना ऐकू आलं.

१ मार्च

हाडाच्या डॉक्टरकडे गेलो. बाबा न विचारता बरोबर आले. मनगटातली नस दबली आहे, बरेच दिवस दबून राहिली. रोजची कामं होतील, लिहिता येईल, जड उचलता येईल. तो वेग परत येणार नाही. डॉक्टरांनी ‘बहुतेक’ हा शब्द वापरला नाही.

बसमध्ये बाबा म्हणाले, “तुले रडाचं आसंन त रड.” मी म्हणालो, बसमध्ये नाही. ते म्हणाले, “मंग घरी.” घरीही नाही रडलो.

४ मार्च

धुळवड. कुणी हाक मारायला आलं नाही. आलं असतं तरी गेलो नसतो.

१८ मार्च

चौदा दिवस वही उघडली नव्हती. काल ऑफिसातल्या मॅडमनी सांगितलं की विमा कंपनीतल्या देशपांडे साहेबांची मुलगी ड्रम्स वाजवते. अश्लेषा, वीस वर्षांची, इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजात जाऊन ऐकून आलो. हात लोखंडाचे आहेत पोरीचे. पायांना अजून शिस्त नाही.

मी सांगितलं, “मी ऐरणचा कौशिक.”

ती म्हणाली, “माहितीये. लू मला पाठ आहे.” मग जरा थांबून, “सॉरी, पण ठहराव मला नाही आवडला.”

“कुणालाच नाही. रविवारी मुरलीपुऱ्याला ये.”

“तुमच्या जागी?”

“हो.”

“तुम्हाला चालेल?”

“नाही चालणार,” मी म्हणालो. “तरी ये.”

मग मनोहरला फोन केला आणि सांगितलं की स्वप्नीलला सांग, ती नऊ गाणी बाहेर काढ. तो काही म्हणायच्या आत ठेवून दिला.

२५ मार्च

गेलो नाही. ती गेली होती. मनोहरचा मेसेज: ‘लड़की तोप है।’ फोन गादीखाली टाकला.

१५ एप्रिल, रविवार

काल आंबेडकर जयंतीची मिरवणूक, त्यामुळे सगळी कॉलनी आज दमून झोपलेली. मी सकाळीच उठून मुरलीपुऱ्याला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं.

शेडचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेलो. अश्लेषा माझ्या स्टुलावर. स्टूल तिने खाली करून घेतलंय. स्वप्नीलने मला बघितलं, मान हलवली नाही. मनोहर हसायला गेला आणि थांबला. मी पत्र्यांच्या थप्पीवर बसलो.

त्यांनी पुरलेल्या नऊमधली चार वाजवली. काय लिहू? ती चांगली आहेत. ‘लू’ त्यांच्यापुढे पोरखेळ आहे. तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे, गिटार एकदम बंद होते आणि नुसते ड्रम्स पंधरा सेकंद सुटतात. ती जागा स्वप्नीलने माझ्यासाठी लिहिली होती. माझ्या वाजवण्याच्या सगळ्या खोडी त्या जागेत आहेत, मला ओळखू आल्या. अश्लेषाने ती वाजवली, आणि माझ्यापेक्षा चांगली वाजवली. मला ते सहन होईना. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. उन्हात उभा राहिलो. घरी जावं असं वाटलं. सीकर रोडपर्यंत गेलोही. एक बस सोडली, दुसरी सोडली.

मग परत आत गेलो.

“चौथ्याचा शेवट लांबलाय,” मी म्हणालो. “गाणं संपल्यावरही तू अर्धं मिनिट निरोप घेत बसतोस. आणि अश्लेषा, डावा पाय घाबरतोय तुझा. ऐकू येतं.”

मनोहर फरशीकडे बघत राहिला. स्वप्नीलने गिटारचा आवाज बंद केला.

“तू आता बँडमध्ये नाहीस, भडव्या,” तो म्हणाला.

“म्हणूनच सांगतोय.”

त्याने गिटारचा आवाज परत चढवला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, “शेवट कापू. चारच ठोके. परत.”

अश्लेषाने काठ्या वर केल्या आणि मोजलं.